सांदवाडीच्या वाचकासाठी

बागकामाच्या बहुतेक मराठी पुस्तकांत उन्हाळ्याचं प्रकरण छोटं असतं. सकाळ-संध्याकाळ पाणी घालावं, कुंड्या सावलीत सरकवाव्यात, एवढ्यात ते आटोपतं. पुण्यात किंवा नाशिकला राहणाऱ्याला तेवढं पुरत असेल. चंद्रपुरात मात्र तेच प्रकरण सर्वांत मोठं असायला हवं. मे महिन्यात इथला पारा ४७-४८ अंशांपर्यंत चढतो. गच्चीवरच्या काळ्या प्लास्टिकच्या कुंडीतली माती एवढी तापते की पाणी मिळूनही मुळं करपतात. पुस्तकात लिहिलं होतं तसं सगळं केलं आणि तरीही रोप गेलं, की माणूस म्हणतो, आपल्या हातालाच गुण नाही. पण दोष हाताचा नसतो. पुस्तक दुसऱ्या हवेसाठी लिहिलेलं असतं.

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत घराभोवती, अंगणात किंवा गच्चीवर चार झाडं लावणाऱ्यांनी कोणती पुस्तकं वाचावीत आणि ती कशी वाचावीत, हा पुढच्या पानांचा विषय आहे. पहिल्यांदाच सांभार (कोथिंबीर) पेरणारी मुलगी, निवृत्तीनंतर आंब्या-लिंबाकडे वळलेले गुरुजी, जुनी वाणं जपणारी आजी आणि रानातल्या झाडांच्या मागे लागलेला विद्यार्थी, या सगळ्यांना इथे काही ना काही सापडावं अशी इच्छा आहे. मात्र सगळ्यांना एकच पुस्तक पुरणार नाही, आणि कुठलंही पुस्तक जसंच्या तसं लागू पडणार नाही.

ही अडचण नवी नाही. १८६०च्या दशकात कलकत्त्यात फर्मिंजर नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने बंगाल आणि उत्तर हिंदुस्थानासाठी बागकामाचा एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. विलायतेतल्या पुस्तकांतले महिने, माती आणि पाऊस इथे जुळत नव्हते. मार्चमध्ये पेरा म्हणणारं पुस्तक हातात धरून हिंदुस्थानातल्या मार्चमध्ये पेरणाऱ्याच्या हाती काय लागणार? फर्मिंजरच्या पुस्तकाच्या पुढे कितीतरी आवृत्त्या निघाल्या, कारण त्याने आपल्या ठिकाणचं वेळापत्रक मांडलं होतं. पण तेही बंगालच्या दमट हवेचं. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, कोरड्या उन्हाळ्याला ते पुरं पडत नव्हतं. बागकामाचं पुस्तक आधी एका जागेचं असतं आणि मग विषयाचं, हे ध्यानात ठेवलं की पुढचं वाचन सोपं होतं.

मग ही जागा कशी आहे?

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, पण माती आणि पावसाने जिल्ह्याची रेघ मानलेली नाही. पश्चिमेला वरोरा-भद्रावतीकडे काळी, कापसाची जमीन. पूर्वेला वैनगंगेच्या दोन्ही काठांवर धानाची बांधी. तिथल्या जमिनीला शेतकरी कन्हार, मोरांड, खरडी, सिहार, बरडी अशा नावांनी ओळखतात आणि प्रत्येकीचा स्वभाव वेगळा सांगतात. गडचिरोलीत वर्षाला सरासरी १,३०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग जंगलाखाली आहे. म्हणजे एकाच अंगणात जुलैत पाणी साचून पपई सडते आणि मे महिन्यात त्याच जागी जमीन भेगाळते. पुस्तकातलं ‘मध्यम पाणी द्यावे’ हे वाक्य इथे जवळजवळ निरर्थक आहे. पपईच्या मुळांशी एक-दोन दिवस पाणी थांबलं तरी झाड जातं, म्हणून इथे ती उंचवट्यावर लावावी लागते. भाजीसाठी गादीवाफा करावा लागतो. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला तेव्हा ब्रह्मपुरी आणि गडचिरोलीकडच्या नदीकाठच्या गावांनी पाण्याची ताकद पुन्हा एकदा पाहिली. पुढच्या हंगामाचं बी घरात उंचावर ठेवण्याची जुनी सवय अशा गावांत जपायला हवी, आणि ती सांगणारं बागकामाचं पुस्तक शोधून सापडत नाही.

पाणी साठवण्याचं इथलं शहाणपण मात्र मोठं आहे. गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधेल त्याला त्याखालची जमीन देण्याची रीत होती, असं ब्रिटिश काळातले चांदा जिल्ह्याचे अहवाल सांगतात. कोहळी समाजाने चांदा-भंडारा भागात असे असंख्य तलाव बांधले आणि त्यांच्या पाण्यावर उसाचे मळे पिकवले. आज ज्यांना माजी मालगुजारी किंवा मामा तलाव म्हणतात ते हेच. बागेच्या इतिहासाची आवड असलेल्या वाचकाने मुघल बागांवरच्या चित्रमय ग्रंथांआधी या तलावांविषयी वाचावं. उतार कुठे अडवायचा, पाट कुठून काढायचा, कोणत्या मातीत पाणी थांबतं आणि कोणत्या मातीतून झिरपून जातं, हे ज्यांना कळत होतं ते या प्रदेशातले पहिले उद्यानतज्ज्ञ म्हणायला हरकत नाही.

इथल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्वेकडच्या धानाच्या आणि जंगलाच्या पट्ट्यात, घरामागच्या बागेला सांदवाडी म्हणतात. कुंपणावर वाल चढलेला, कोपऱ्यात मुंगना, न्हाणीच्या सांडपाण्यावर कोचई आणि केळी, मांडवावर दोडका, पावसाच्या पहिल्या सरींबरोबर पेरलेला मका, बाजूला अंबाडी आणि बरबटी. भामरागडकडे माडिया घरांभोवती बांबूच्या कुंपणात मका आणि वालाबरोबर भोपळाही असतो, आणि तो सगळाच खाण्यासाठी नसतो. वाळवून, पोखरून त्याचा पाणी नेण्याचा तुंबा होतो. या बागेत शोभा आणि उपयोग वेगळे काढता येत नाहीत. शहरी पुस्तकं फुलझाडं, भाजीपाला आणि औषधी वनस्पती अशी तीन प्रकरणं पाडतात, पण सांदवाडीत तिन्ही एकाच वेलीवर असू शकतात.

नवख्या वाचकाला सुरुवातीला मोठ्या पुस्तकाची गरज नाही. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या खंडांत वांगी, भेंडी, मिरचीपासून आंब्यापर्यंत पिकांवर नोंदी आहेत आणि आता त्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. हवामान, जमीन, लागवड, रोग आणि किडी असा त्यांचा क्रम असतो. भाषा कोरडी आहे, पण मजकूर पक्का आहे. त्याच्या जोडीला अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची प्रकाशनं ठेवावीत. १९६९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचं कार्यक्षेत्रच विदर्भ असल्यामुळे त्यांतले महिने आणि वाणं आपल्याकडची असतात. सिंदेवाहीला आणि गडचिरोलीजवळ सोनापूरला कृषी विज्ञान केंद्रं आहेत. तिथल्या घडीपत्रिका दिसायला साध्या असतात, पण गुळगुळीत कागदावरच्या परदेशी पुस्तकापेक्षा कामाला जास्त येतात. ‘उमेद’ अभियानाच्या ‘माझी पोषण परसबाग’ मोहिमेमुळेही घरच्या भाजीचा विषय गावोगावच्या बचत गटांपर्यंत गेला.

नवख्याला बहुतेक वेळा झाडाचं गणित ठाऊक नसतं आणि तिथेच त्याचा धीर सुटतो. जूनमध्ये लावलेला वाल सप्टेंबरपर्यंत नुसता पानांनी माजतो आणि शेंगेचं नाव नसतं. खत कमी पडलं असेल म्हणून तो आणखी शेणखत घालतो, आणि वेल आणखी माजतो. वालाची गावरान वाणं दिवस लहान होऊ लागल्यावर फुलतात. दिवाळीच्या मागे-पुढे तोच मांडव शेंगांनी भरतो. टमाटराचं उलट. दिवसा पारा पस्तिशीच्या वर आणि रात्रीही हवा उकडलेली असली की परागकण निकामी होतात आणि फुलं गळून पडतात. त्यामुळे चंद्रपूरच्या एप्रिल-मे महिन्यांत टमाटराचं झाड कितीही हिरवं दिसलं तरी फळ धरत नाही. काटवलाची गोष्ट याहून वेगळी. त्यात नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा असतो. रानातून एकच कंद आणून लावणारा वर्षानुवर्षं फळाची वाट पाहत राहतो. कारण कळलं की निराशा जाते, आणि चांगल्या पुस्तकाचं पहिलं काम हेच असतं. ‘काय करावे’ सांगणारी पुस्तकं भरपूर आहेत. ‘का’ सांगणारी निवडून घ्यावी लागतात.

‘का’ विचारणाऱ्या मराठी लेखकांत श्री. अ. दाभोळकर यांचं नाव आधी घ्यावं लागेल. कोल्हापूरच्या या गणिताच्या शिक्षकाने ‘प्रयोग परिवार’ उभा केला. शेतकरी आणि हौशी बागकाम करणारे आपापल्या प्रयोगांची माहिती एकमेकांना कळवत, पडताळत आणि पुढे नेत. ‘विपुलाच सृष्टी’ आणि १९९८ साली इंग्रजीत आलेलं ‘प्लेंटी फॉर ऑल’ या पुस्तकांत त्यांनी दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचा निर्वाह कसा होईल याची मांडणी केली. पानावर पडणारा सूर्यप्रकाश, त्यातून तयार होणारं अन्न, पालापाचोळ्यापासून बनणारी माती असा त्यांचा हिशेब चालतो. पुस्तक सोपं नाही. पण धानाचं तणस आणि सागाची पानं ज्यांच्या दारात पडून असतात, त्यांनी ते चिकाटीने वाचावं. सागाचं पान मोठं आणि चिवट असतं, लवकर कुजत नाही. म्हणूनच उन्हाळ्यात आळ्यावर अंथरायला ते चांगलं. तणस लवकर मुरतं आणि मातीत मिसळतं. दोन्ही फुकट मिळतात, आणि दोन्ही अनेक ठिकाणी जाळली जातात. हे थांबलं तर या दोन जिल्ह्यांतल्या अर्ध्या बागांचा उन्हाळा सुसह्य होईल.

झाडांची ओळख करून घ्यायची असेल तर श्री. द. महाजन यांची ‘देशी वृक्ष’ आणि ‘विदेशी वृक्ष’ ही पुस्तकं मराठीत भक्कम पाया घालतात. डॉ. शरदिनी डहाणूकर यांचं ‘वृक्षगान’ आणि ‘फुलवा’ वाचणाऱ्याला झाड आवडू लागतं, आणि झाड आवडल्याशिवाय बाग टिकत नाही. इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी प्रदीप कृष्ण यांचं ‘जंगल ट्रीज ऑफ सेंट्रल इंडिया’ हे २०१३चं पुस्तक आहे. मध्य भारताच्या जंगलातली झाडं त्यात छायाचित्रांसह येतात, त्यामुळे ताडोबाच्या किंवा आलापल्लीच्या वाटेवर ते सोबत न्यावं. अंगणासाठी झाड निवडतानाही त्याचा उपयोग होतो. गुलमोहर आणि सप्तपर्णी लावण्याआधी आपल्या रानात बहावा, कुडा, पळस आणि पांगारा आहेत, ते इथला उन्हाळा पिढ्यानपिढ्या सोसत आले आहेत, हे त्यातून दिसतं.

मात्र या जागेचं स्वतःचं म्हणावं असं एक पुस्तक आहे, आणि या यादीत ते सर्वांत वर असायला हवं. डॉ. राणी बंग यांचं ‘गोईण’. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेची स्थापना केली. तिथे स्त्रियांच्या आरोग्याचं काम करताना गावातल्या आदिवासी आणि ग्रामीण बायांनी झाडांविषयी जे सांगितलं ते या पुस्तकात आलं आहे. कोणतं झाड कशाला उपयोगी, कोणत्या झाडाशी कोणती प्रथा आणि कोणती गोष्ट जोडलेली, हे सांगणाऱ्या बायका अनेकदा कधी शाळेत गेलेल्या नसतात. बागकामाच्या कपाटात हे पुस्तक कुणी ठेवत नाही. ते आरोग्याच्या किंवा समाजशास्त्राच्या कपाटात जाऊन बसतं. ही चूक ग्रंथपालांनी दुरुस्त करावी. घरामागच्या कुंपणाला कोणतं झाड लावावं, हे ठरवण्याआधी ते वाचलेलं असलं तर निवड बदलेल.

मारुती चितमपल्ली यांची पुस्तकंही याच वाचनात येतात. वनाधिकारी म्हणून त्यांनी नवेगावबांध, नागझिरा आणि मेळघाट या जंगलांत काम केलं आणि झाडं, पाखरं, प्राणी यांची गावोगावची नावं नि समजुती टिपून ठेवल्या. जून २०२५ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांचा ‘पक्षिकोश’ बागेतल्या माणसाला वेगळ्या अर्थाने उपयोगी पडतो. शिंपी, बुलबुल, सूर्यपक्षी यांना ओळखू लागलं की औषध फवारण्याआधी हात थांबतो.

नांदेड या गावाचं नाव काढलं की बहुतेकांना मराठवाडा आठवतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातही एक नांदेड आहे आणि तिथे दादाजी रामाजी खोब्रागडे राहत. शाळा तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८३ साली त्यांना आपल्या ‘पटेल ३’ धानाच्या बांधीत तीन वेगळ्या, पिवळसर लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. काही वर्षांत बारीक दाण्याचं, शिजायला चांगलं असं वाण हाती आलं आणि १९९०च्या सुमारास त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याचं नाव ‘एचएमटी’ पडलं. ते पुढे अनेक राज्यांत पसरलं. खोब्रागडे यांनी आणखीही वाणं निवडली. २०१० साली ‘फोर्ब्ज’ने त्यांना भारतातल्या प्रभावी ग्रामीण उद्योजकांच्या यादीत घेतलं. मिळकत मात्र त्यांच्या वाट्याला फार कमी आली, आणि ३ जून २०१८ रोजी त्यांचं निधन झालं. घरच्या बागेच्या पुस्तकात धानाच्या वाणाची गोष्ट कशाला, असं कुणी विचारेल. तर एवढ्यासाठी, की त्यांनी जे केलं ते चार वांग्यांच्या झाडांवरही करता येतं. सर्वांत चांगल्या झाडाचं पहिलं चांगलं फळ खायचं नाही, त्यावर खूण बांधून बियांसाठी पिकू द्यायचं. आपल्या अंगणातल्या उन्हाला आणि रोगाला टिकलेलं बी दुकानातल्या पाकिटात मिळत नाही.

वरोऱ्याजवळ बाबा आमटे आणि साधनाताईंनी कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन सुरू केलं, ते खडकाळ, ओसाड जागेवर. विहिरी खोदल्या, जमीन साफ केली, भाजीपाला पिकवला. पण कुष्ठरुग्णांच्या हातची भाजी आसपासचे लोक विकत घेईनात. पुढे परदेशातले स्वयंसेवक तिथे येऊन राहिले, त्यांच्याबरोबर जेवले, आणि हळूहळू लोकांची भीती ओसरली. साधनाताईंचं ‘समिधा’ हे आत्मचरित्र बागकामाचं पुस्तक म्हणून कुणी वाचत नाही. पण इथल्या जमिनीतून अन्न काढणं म्हणजे किती कष्ट, आणि ते अन्न दुसऱ्याच्या ताटात पोहोचवणं त्याहून किती अवघड, हे त्यातून जेवढं कळतं तेवढं क्वचितच कुठून कळेल.

काही प्रश्नांवर मात्र पुस्तकं मुकीच आहेत. चंद्रपूर, घुग्घुस, बल्लारपूर या पट्ट्यात कोळसा आणि राखेची धूळ पानांवर बसते. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने चंद्रपूरची गणना देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत केली होती. धुळीने पानांची रंध्रं बुजतात, प्रकाश कमी पोहोचतो आणि झाड मंदावतं. आठवड्यातून एकदा पानं धुणं, रस्त्याच्या बाजूला दाट पानांचं कुंपण करणं आणि पालेभाजी त्याच्या आड लावणं, एवढं तरी करता येतं. पालेभाजी दोन-तीन पाण्यांनी धुवावी, हेही ठळक लिहायला हवं. दुसरा प्रश्न जंगलाचा. माकडं आणि रानडुकरं बागेची वाट लावतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे दुर्गापूर-ऊर्जानगर भागात बिबट्याने वस्तीत येऊन माणसांवर हल्ले केल्याच्या घटना घडल्या आहेत. मुंबईचं पुस्तक घराभोवती दाट झुडपांची ‘हिरवी भिंत’ उभारायला सांगतं. ताडोबाच्या कडेला राहणाऱ्याने तो सल्ला मुळीच मानू नये. दार आणि संडासाची वाट यांच्या आसपास कमरेच्या वर दाट झाडोरा नको, रात्री उजेड हवा, आणि कोंबड्यांचं खुराडं बंद हवं.

इथे वाचनाची एक पद्धत मदतीला येते, आणि तीही याच मातीतली आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने अभ्यासगट चालवले. गावातली माणसं आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसत, कायदा, जंगल, बांबू अशा विषयांवर वाचत, बोलत, आणि निर्णय ग्रामसभेत होत. मिलिंद बोकील यांच्या ‘गोष्ट मेंढा गावाची’ या २०१२च्या पुस्तकात ही हकिगत विस्ताराने आहे. त्या अभ्यासातून गावाने २००९ साली आपल्या जंगलावरचे सामूहिक हक्क मिळवले. बागेचा विषय त्यापुढे लहान आहे, पण पद्धत तीच चालेल. पाच-सात घरांनी मिळून एक पुस्तक घ्यावं, प्रकरण वाचावं, आपल्या अंगणात काय जुळलं आणि काय नाही ते सांगावं आणि लिहून ठेवावं. पहिला पाऊस कधी आला, बी कुणाकडून आणलं, फूल कधी लागलं, कोणती कीड पडली आणि कशाने गेली. गोंडी, माडिया आणि झाडीबोलीतली झाडांची नावं त्यातच लिहावीत, कारण ती माहीत असलेली पिढी आता म्हातारी झाली आहे.

अशा दहा-वीस वह्या एकत्र आल्या तर आज नसलेलं पुस्तक तयार होऊ शकतं. कन्हार आणि मोरांड जमिनीत कोणती भाजी कधी पेरायची, ४७ अंशांत रोपं कशी जगवायची, सात्या (अळंबी) आणि वास्ते (बांबूचे कोंब) रानातून किती आणि कसे आणायचे, काटवलाचे नर-मादी कंद कसे ओळखायचे, गावरान वालाची किती वाणं अजून शिल्लक आहेत, हे सगळं एका जागी असलेलं मराठी पुस्तक हवं आहे. ते लिहिण्याची पात्रता सांदवाडी करणाऱ्या बायांकडे आहे. शब्दांकनाला गावातले शिक्षक आणि वरोऱ्याच्या आनंद निकेतन कृषी महाविद्यालयातले विद्यार्थी मदत करू शकतात.

तोवर पुढच्या पानांतल्या यादीतलं एखादं पुस्तक निवडून कामाला लागावं. काही पुस्तकं आता बाजारात सहज मिळणार नाहीत. त्यासाठी गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन मागणी नोंदवावी. १९६७च्या कायद्याने राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था उभी राहिली आणि मान्यताप्राप्त वाचनालयांना पुस्तकांसाठी अनुदान मिळतं. वाचकांनी नावं सुचवली तर खरेदीच्या यादीत कादंबऱ्यांबरोबर झाडांची पुस्तकंही येतील. ही मागणी एप्रिलमध्ये केली तर पुस्तक मृग नक्षत्राच्या आधी हाती पडेल, आणि वाफे तयार करायला पंधरा दिवस मिळतील.